सोंग, भय आणि हसू : इटालियन झोंबीपट, रामसे बंधू आणि मराठी पडद्यावरील स्वस्त भुते

प्रस्तावना

'झोंबी' हा शब्द कानी पडताच मराठी वाचकास प्रथम कुस्तीची झटापट किंवा आनंद यादव यांची १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली आत्मचरित्रात्मक कादंबरी आठवते. थडग्यातून उठून चालू लागलेले प्रेत या अर्थाने हा शब्द मराठीत आला तो अलीकडे आणि तोही चित्रपटाच्या वाटेने. मूळ कल्पना हैतीतील. तेथील लोकसमजुतीतला झोंबी म्हणजे मांत्रिकाने कबरीतून उठवून गुलामासारखा राबविलेला मृत. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी' या चित्रपटाने त्याला पडद्यावर आणले. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटाने त्याला मालकाच्या हुकुमातून मोकळे करून माणसे खाणारा केला. पुढे इटलीतील निर्मात्यांनी या मृतांना अत्यल्प भांडवलात कामास लावले. त्याच सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका कुटुंबाने महाबळेश्वरच्या धुक्यात आपली प्रेते उभी केली.

या दोन्ही चित्रपटधारांची टीकाकारांनी दीर्घकाळ उपेक्षा केली आणि नंतर त्यांचे कौतुक सुरू झाले ते त्या हास्यास्पद आहेत म्हणून. रबरी मुखवटे, ओठांशी न जुळणारे संवाद, लाल रंगाचे पातळ रक्त, या साऱ्यांत एक वेडगळ मोहकता आहे, असे आता सर्वत्र म्हटले जाते. ते चूक नाही. परंतु ही मोहकता नेमकी कोणाला दिसली, केव्हा दिसली आणि ज्या प्रेक्षकांसाठी हे चित्रपट बनले त्यांचे हसणे याच जातीचे होते काय, हे प्रश्न मागे राहतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे त्यांचा विचार केला आहे. मराठीत एक म्हण आहे : सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. कमी खर्चाच्या भयपटाचे सारे सौंदर्यशास्त्र या एका म्हणीत सामावलेले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

इटलीतील 'शीर'

इटालियन चित्रपट व्यवसायात 'फिलोने' असा एक शब्द रूढ होता. खाणीतील धातूची शीर असा त्याचा अर्थ. एखादा चित्रपट चालला की त्याच शिरेवर सर्वांनी कुदळी घालायच्या आणि शीर संपली की दुसरीकडे वळायचे, अशी ही रीत होती. पौराणिक पहिलवानपट, मग पाश्चात्त्य गोपालकांचे चित्रपट, मग खूनरहस्ये या क्रमाने शिरा खणल्या गेल्या. रोमेरो यांचा 'डॉन ऑफ द डेड' हा चित्रपट दारिओ अर्जेंतो यांच्या सहभागातून तयार झाला आणि १९७८ मध्ये इटलीत 'झोंबी' या नावाने प्रदर्शित झाला. तो यशस्वी होताच १९७९ मध्ये लुचिओ फुल्ची दिग्दर्शित 'झोंबी २' पडद्यावर आला. पहिल्या चित्रपटाच्या कथेशी, पात्रांशी वा निर्मात्यांशी याचा काहीही संबंध नव्हता. केवळ आकडा जोडून तो पुढचा भाग ठरविण्यात आला होता.

फुल्ची हे तोवर विनोदी चित्रपट, गाण्यांचे चित्रपट, रहस्यपट असे सर्व काही करून बसलेले कसबी दिग्दर्शक होते. 'झोंबी २' मधील एका प्रसंगात समुद्राच्या पाण्याखाली झोंबी आणि शार्क मासा यांची झुंज होते. शार्क खरा आहे. झोंबीच्या वेषात मेक्सिकोचे पाण्याखालील छायाचित्रकार रामोन ब्राव्हो आहेत. या प्रसंगाची कथानकाला तिळमात्र गरज नाही. तरीही तो एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही, कारण त्यातील धोका खरा आहे आणि मुखवटा खोटा आहे, व दोन्ही एकाच चौकटीत दिसतात. ज्यानेत्तो दे रोस्सी यांनी मातीच्या लेपासारखी केलेली रंगभूषा आणि फाबिओ फ्रिझ्झी यांचे संथ ठेक्याचे संगीत यांमुळे हा चित्रपट केवळ हास्यास्पद राहत नाही.

त्यानंतरच्या चित्रपटांविषयी असे म्हणणे कठीण आहे. ब्रूनो मात्तेई यांच्या १९८० च्या 'हेल ऑफ द लिव्हिंग डेड' मध्ये न्यू गिनीची दृश्ये दुसऱ्या चित्रपटातून उचललेली आहेत आणि गोब्लिन या वाद्यवृंदाचे संगीतही आधीच्या चित्रपटांतून घेतले आहे. प्रेतांनी भरलेल्या घरात शिरलेला एक सशस्त्र सैनिक मध्येच हिरवा नृत्याचा झगा घालून नाचू लागतो. का, ते चित्रपट सांगत नाही. आंद्रेआ बिआंकी यांच्या १९८१ च्या 'बरिअल ग्राउंड' मध्ये लहान मुलाची भूमिका पीटर बार्क या प्रौढ नटाने केली आहे आणि त्याच्याकडे पाहून प्रेतांपेक्षा अधिक अस्वस्थ वाटते. त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रण सहसा होत नसे. निरनिराळ्या देशांचे नट आपापल्या भाषेत बोलत आणि सर्वांचे आवाज मागाहून भरले जात. त्यामुळे माणसाचे तोंड एक बोलते व कानी दुसरेच पडते. जिवंत पात्रेही अशा रीतीने अर्धवट झोंबीच होतात.

या चित्रपटांतील सारे काही निरागस नाही, हेही नोंदविले पाहिजे. मात्तेई यांच्या चित्रपटात आदिवासींच्या अंत्यविधींची खरी दृश्ये भयाचा माल म्हणून वापरली आहेत. कॅरिबियन बेटे आणि तेथील कृष्णवर्णीय रहिवासी हे युरोपीय नायकांच्या भीतीसाठी राखून ठेवलेले नेपथ्य आहे. मोहकतेचे कौतुक करताना हा भाग बहुधा वगळला जातो.

लॅमिंग्टन रोड ते महाबळेश्वर

रामसे कुटुंबाचे मूळ आडनाव रामसिंघानी. फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेला सोपे जावे म्हणून नावाचे 'रामसे' झाले, असे कुटुंबीय सांगत. फाळणीनंतर ते मुंबईस आले आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले. चित्रपटनिर्मितीची हौस होती. १९५४ मध्ये 'शहीद-ए-आझम भगतसिंग', १९६३ मध्ये 'रुस्तम सोहराब' आणि १९७० मध्ये 'एक नन्हीं मुन्नी लड़की थी' हे चित्रपट त्यांनी काढले.

यांपैकी शेवटच्या दोहोंचे दिग्दर्शक विश्राम बेडेकर होते. 'रणांगण' ही १९३९ मधील कादंबरी लिहून मराठी कादंबरीला नवे वळण देणारे आणि पुढे 'एक झाड आणि दोन पक्षी' या आत्मचरित्रासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविणारे हेच ते बेडेकर. भारतातील स्वस्त भयपटाच्या जन्मकथेत त्यांचे नाव येते, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासात सहसा आढळत नाही. 'एक नन्हीं मुन्नी लड़की थी' आर्थिकदृष्ट्या पडला. परंतु त्यातील एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा व चिलखतासारखा वेष चढवून चोरी करण्यास जातात आणि पोलिसांच्या गोळ्या त्यांना लागत नाहीत. चित्रपटगृहात बसून प्रेक्षक न्याहाळणाऱ्या तुलसी व श्याम या रामसे पुत्रांच्या लक्षात आले की लोक त्या एका प्रसंगासाठी येत आहेत. उरलेल्या चित्रपटाशी त्यांना देणेघेणे नाही. मग तेवढाच भाग दोन तासांचा का करू नये, असा हिशेब त्यांनी मांडला. चित्रपटशास्त्राच्या कोणत्याही सिद्धान्तापेक्षा हे दुकानदाराचे निरीक्षण अधिक अचूक होते.

सात भावांनी कामे वाटून घेतली. कुमार लेखन करीत, तुलसी व श्याम दिग्दर्शन, गंगू छायाचित्रण, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, तर केशू छायाचित्रण व निर्मितीची बाजू सांभाळीत. जोसेफ मॅसेली यांचे छायाचित्रणावरील १९६५ चे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक त्यांनी काश्मीरमधील हाउसबोटीत राहून अभ्यासले. हे त्यांचे चित्रपट महाविद्यालय. १९७२ मध्ये आलेला 'दो गज़ ज़मीन के नीचे' महाबळेश्वरला चित्रित झाला. सुमारे चाळीस दिवस, साडेतीन लाख रुपये, एका बसमध्ये मावेल एवढी माणसे, राहण्यास सरकारी विश्रामगृह आणि स्वयंपाकास घरच्या स्त्रिया, असा तपशील रामसे बंधूंनी पुढे मुलाखतींतून सांगितला आहे. एका शास्त्रज्ञाला त्याची पत्नी व तिचा प्रियकर मारून पुरतात आणि पुरलेला मनुष्य परत येतो, एवढेच कथासूत्र. हिंदीतील पहिला झोंबीपट म्हणून त्याचा अनेकदा उल्लेख होतो.

महाबळेश्वरची निवड केवळ स्वस्ताईची नव्हती. ब्रिटिशांनी वसविलेल्या या थंड हवेच्या गावी जुने बंगले होते, दाट झाडी होती, युरोपीयांची जुनी दफनभूमी होती आणि धुके फुकट होते. हे शेवटचे फार महत्त्वाचे. 'महल' (१९४९), 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी' (१९६४) या आधीच्या हिंदी चित्रपटांतील भूत अखेरीस खोटे निघे. तेथे भय होते ते छायाप्रकाशाचे आणि गाण्यांचे, आणि त्यासाठी मोठे कलादालन व नामवंत नट लागत. रामसेंजवळ यांपैकी काहीच नव्हते. म्हणून त्यांनी भूत खरे केले. भूत खरे असले की नटाची गरज निम्मी होते.

प्रेत आणि समाधी

झोंबीला या मातीत एक मूलभूत अडचण होती. बहुसंख्य समाजात प्रेत जाळले जाते, तेव्हा उठणार कोण? मराठी लोकपरंपरेतील समंध, मुंजा, हडळ, खवीस, गिऱ्हा ही सारी मंडळी आत्म्याच्या रूपाने वावरतात. त्यांना देहाचे ओझे नाही. वेताळपंचविशीतील झाडाला लोंबकळणाऱ्या प्रेतात वेताळ शिरलेला असतो, ही त्यातल्या त्यात जवळची कल्पना. पण तो वेताळ मोठा बोलका, राजाला कोडी घालणारा आणि तर्कपटू. आपल्या नावाने ओळखला न जाणारा, काही न बोलणारा मृतांचा घोळका आपल्याकडे नाही. उलट ज्यांना पुरले जाते त्यांत नाथपंथी, गोसावी, लिंगायत आदींच्या समाध्यांचा समावेश होतो आणि त्या स्थळांविषयी भक्तिभाव असतो. ज्या नेवासे परिसरात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेथील माणसाला समाधी या शब्दाने भय वाटत नाही, आधार वाटतो.

रामसेंनी यावर काढलेला तोडगा कल्पक होता. १९८४ च्या 'पुराना मंदिर' मध्ये सामरी या सैतानाचा राजाज्ञेने शिरच्छेद होतो. धड मंदिरामागे पुरले जाते आणि शिर हवेलीतील पेटीत बंद करून ठेवले जाते. दोन्ही एकत्र आली की सैतान उठणार. अशा रीतीने दहनाचा प्रश्नच उद्भवत नाही. शिक्षा म्हणून केलेले दफन आणि संरंजामी हवेलीचे पाप यांची सांगड घालून परदेशी झोंबीला येथील वंशशापाच्या कथेत बसविण्यात आले. सामरीची भूमिका करणारे अनिरुद्ध (अजय) अग्रवाल शिक्षणाने स्थापत्य अभियंता होते. त्यांची असाधारण उंची आणि चेहऱ्याची ठेवण हीच निम्मी रंगभूषा ठरली. श्रीनिवास रॉय यांच्या मुखवट्यांनी उरलेली भरून काढली.

याच चित्रपटात अहमदनगरचे सदाशिव अमरापूरकर दिसतात. आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, गोविंद निहलानी यांच्या 'अर्धसत्य' मधील रामा शेट्टीने त्यांना देशभर ओळख मिळवून दिली होती. एकाच नटाने एका वर्षाच्या अंतराने समांतर चित्रपटाचा मानबिंदू आणि सामरीची हवेली या दोन्ही ठिकाणी वावरावे, यात त्यांना काही विसंगत वाटल्याचे दिसत नाही. विसंगती वाटते ती चित्रपटांच्या याद्या करणाऱ्यांना. जगदीप यांचा मच्छरसिंग हा गब्बरची नक्कल करणारा डाकूही तेथे आहे. भयपटाच्या मध्यात असे स्वतंत्र विनोदी उपकथानक घालणे म्हणजे तमाशातील वगाला सोंगाड्याची जोड देण्यासारखे आहे. ते कथेत बसत नाही आणि बसविण्याचा कोणी प्रयत्नही करीत नाही. प्रेक्षकाने मधूनमधून श्वास घ्यावा, एवढाच हेतू.

हसणारे कोण?

अमेरिकन लेखिका सुसान सॉनटॅग यांनी १९६४ मधील निबंधात 'कॅम्प' या अभिरुचीचे विवेचन केले. अतिरेक, कृत्रिमता व गांभीर्याने केलेले परंतु फसलेले प्रयत्न यांत रस घेणारी ही दृष्टी. त्यांच्या मते अजाणतेपणी घडलेला कॅम्प अस्सल, तर हेतुपुरस्सर केलेला दुय्यम. या कसोटीवर फुल्ची, मात्तेई आणि रामसे तिघेही अस्सल ठरतात, कारण त्यांना घाबरवायचे होते. परंतु या विवेचनातील एक गोष्ट येथे अपुरी पडते. तीत हसणारा नेहमी चित्रपटाबाहेर उभा असतो. तो अधिक जाणतो. चित्रपट कमी जाणतो.

रामसेंचा प्रेक्षक बाहेर उभा नव्हता. मोठ्या शहरांतील मुख्य चित्रपटगृहांपेक्षा लहान शहरे, तालुक्याची गावे आणि जत्रांतील तंबू यांवर या चित्रपटांचा व्यवसाय उभा होता. महाराष्ट्रात फिरत्या चित्रपटगृहांची परंपरा जुनी आहे. गावोगावच्या यात्रांत मालमोटारीवरून प्रक्षेपक येई, तंबू ठोकला जाई, लोक जमिनीवर बसत. तेथे येणारी प्रत अनेक हातांतून गेलेली, ओरखडे उमटलेली असे. सैतानाचा हात दाराबाहेर येतो न येतो तोच फीत तुटे आणि पुढचा प्रसंग सुरू होई. अंधारात किंकाळी उठे आणि लगेच हशाही. हा हशा उपहासाचा नव्हे. तो सुटकेचा, शेजारी घाबरला म्हणून आणि आपणही घाबरलो म्हणून आलेला. मुखवटा रबराचा आहे हे तंबूतल्या शेवटच्या पोरालाही ठाऊक असे. ठाऊक असूनही घाबरणे हाच तर खेळ होता.

या खेळाची तालीम येथील समाजाला फार पूर्वीपासून आहे. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात देव-राक्षसांची सोंगे मुखवटे चढवून रात्रभर नाचविली जातात. मुखवट्यामागे गावातलाच अमुक माणूस आहे हे सर्वांना माहीत असते. कोकणात शिमग्याला व दशावतारात येणारा काळ्या वेषातील संकासूर पाहून मुले पळतात आणि पळता पळता त्याची खोडीही काढतात. सोंग या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, ढोंग आणि भूमिका. पहिल्यात फसवणूक आहे, दुसऱ्यात सर्वांची संमती आहे. स्वस्त भयपटाला 'फसलेला' म्हणणारी टीका त्याला पहिल्या अर्थाने पाहते. तंबूतील प्रेक्षक दुसऱ्या अर्थाने पाहत होता.

अर्थात यावरून रामसेंचे चित्रपट लोककलेच्या पंक्तीत बसवावेत, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. बोहाड्यात पैसा मिळवायचा नसतो, येथे तोच मिळवायचा होता. नायिकेच्या स्नानाचे लांबलेले प्रसंग, स्त्रीदेहावरच चाल करून जाणारे प्रत्येक भूत, यांचे समर्थन सोंगाच्या संकल्पनेने होत नाही. इटालियन चित्रपटांप्रमाणेच येथेही स्वस्ताईचा भार कोणाच्या तरी शरीरावर टाकलेला आहे.

शहरी, सुशिक्षित हसू आले ते नंतर. १९९३ मध्ये 'झी हॉरर शो' च्या रूपाने रामसे दूरचित्रवाणीवर गेले आणि तंबूतील सामुदायिक भय दिवाणखान्यात आले. दिव्याच्या उजेडात, जाहिरातींच्या मध्ये, रबर अधिक रबरी दिसू लागले. त्यानंतर परदेशातून मान्यता आली. पीट टूम्ब्स यांनी १९९७ मध्ये 'मोंडो मकाब्रो' या पुस्तकात जगभरच्या अशा चित्रपटांची दखल घेतली आणि त्याच नावाच्या संस्थेने २००० नंतरच्या दशकात 'पुराना मंदिर' व 'बंद दरवाज़ा' तबकड्यांवर आणले. युरोपातील विक्षिप्त चित्रपट जमविणाऱ्या रसिकांच्या फळीवर अशा रीतीने सामरी जाऊन बसला. पुढे व्हॅलेंटिना विटाली यांनी २०१६ च्या ग्रंथात इटली, मेक्सिको व हिंदी या तीन ठिकाणच्या कमी भांडवलाच्या चित्रपटांचा आर्थिक अंगाने एकत्र विचार केला, तर शाम्य दासगुप्ता यांनी २०१७ मध्ये रामसे कुटुंबाचा इतिहास लिहिला. तुलसी रामसे २०१८ मध्ये आणि श्याम रामसे २०१९ मध्ये निवर्तले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना आदराने निरोप दिला. ज्या चित्रपटांची परीक्षणे दोन ओळींत उरकली जात, त्यांच्या कर्त्यांवर रकाने लिहिले गेले. तंबूतला प्रेक्षक मात्र या साऱ्या गौरवात कोठेच नव्हता.

मराठी वळण

मराठीत गंभीर भयाची परंपरा छापील पानावर होती. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मध्यमवर्गीय वाचकाच्या घरात, दिव्याखाली, ते भय आणून सोडले. पडद्यावर मात्र मराठी भूत आले ते हसतच. द. मा. मिरासदार यांच्या लेखणीतून उतरलेल्या 'एक डाव भुताचा' (१९८२) मध्ये अशोक सराफ यांचे भूत दिलीप प्रभावळकरांच्या भिडस्त शिक्षकाच्या मदतीस येते. यात भूत गावकऱ्यांइतकेच ऐसपैस आणि गप्पिष्ट आहे. भुताला माणसाळविण्याची ही रीत मिरासदारांच्या 'भुताचा जन्म' या कथेपासून वाचकांच्या परिचयाची होती.

खरी गाठ घातली ती महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटाने. कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटावरून घेतलेली. मरणोन्मुख गुंड मंत्राच्या बळावर आपला आत्मा बाहुल्यात घालतो. मूळ चित्रपटात त्या बाहुल्याची यंत्ररचना खर्चिक होती आणि ती हलविण्यास माणसांचा ताफा लागे. मराठी निर्मात्याजवळ तो पैसा नव्हता. त्याच्याजवळ रामदास पाध्ये होते. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी शब्दभ्रमाची कला भारतात रुजविली आणि अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याने महाराष्ट्राच्या पिढ्यांना हसविले. त्या घराण्याच्या हातून तात्या विंचू घडला. दिलीप प्रभावळकरांचा आवाज व अभिनय, लक्ष्मीकांत बेर्डे यांचा भित्रा लक्ष्या आणि राघवेंद्र कडकोळ यांचा बाबा चमत्कार यांनी त्याला भोवताल दिला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की लक्ष्या स्वतः बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा आहे. बाहुले बोलते, ही गोष्ट कथेतच सोंग म्हणून आधी मान्य केलेली आहे. बाहुला खरोखर बोलू लागतो तेव्हा इतरांना तो लक्ष्याचाच खेळ वाटतो. जी उणीव रामसे अंधारात व धुक्यात लपवीत होते, तीच कोठारे यांनी कथेचा कणा केली. हे ठरवून केले की साधनांच्या टंचाईतून सुचले, याला महत्त्व नाही. इटलीत ओठ आणि आवाज यांची फारकत हा दोष होता, शब्दभ्रमकाराच्या हाती ती कला झाली. सॉनटॅग यांच्या वर्गवारीत 'झपाटलेला' कोठेच बसत नाही. तो अजाण नाही आणि वरून पाहणाराही नाही. लहान मुले त्याला खरोखर भ्याली, ही त्याची दुसरी बाजू.

मराठीत अक्षरशः झोंबी अवतरले ते २०२२ मध्ये, आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली' तून. मूकपटांच्या काळापासून चित्रपटव्यवसायात असलेल्या पुण्यातील सरपोतदार घराण्याचे हे वंशज. अमेय वाघ, ललित प्रभाकर व वैदेही परशुरामी यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटात डोंबिवलीतील उंच इमारत आणि तिच्या शेजारची वस्ती यांच्यामध्ये प्रेते उभी राहतात आणि मुळाशी पाण्याचा प्रश्न आहे. त्याआधी २०१३ च्या 'गो गोवा गॉन' ने गोव्याच्या बेटावर झोंबी आणले होते, पण ते पर्यटकांचे झोंबी. डोंबिवलीचे झोंबी शेजारी आहेत. वेताळपंचविशीतील कोडी घालणाऱ्या प्रेताशी त्यांचे नाते नाही, तरी येथे प्रथमच निनावी घोळक्याला पत्ता मिळाला. रंगभूषा सफाईदार आहे, हालचाली कसून बसविलेल्या आहेत. सफाई वाढली तशी रबराची गंमत ओसरली, हेही खरे. सरपोतदार यांनी २०२४ मध्ये 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट केला तेव्हा त्यातील मुख्य भूत संगणकावर घडविलेले होते. कोकणातील पिंपळावरचे अगदी जुने भूत, पण मुखवट्यामागे गावातले कोणी नाही.

तात्या विंचूचे मात्र तसे झाले नाही. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' त्रिमितीत आला, तरी बाहुला हातानेच हलविलेला राहिला. रामदास पाध्ये व त्यांचे पुत्र सत्यजित यांच्या रंगमंचीय कार्यक्रमांत तो अर्धवटरावांच्या बरोबरीने येत राहिला. तेथे ना धुके, ना अंधार. बाहुल्याला हातात धरलेला माणूस शेजारीच उभा असतो आणि पुढच्या रांगेतली मुले तरीही आईच्या पदराआड होतात.